कर्त्या पुरुषाचा रक्तदाब

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

माझे वय ४८. पत्नी, दोन मुले आणि आई असा संसार आहे आणि कमावणारा मी एकटा आहे. सात महिन्यांपूर्वी कार्यालयातल्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १६४/१०२ निघाला आणि अहवालावर 'डॉक्टरांना त्वरित भेटावे' असा शेरा होता. मला काहीच त्रास जाणवत नव्हता, म्हणून तो अहवाल मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि घरी 'सगळे ठीक आहे' असे सांगितले. माझ्या वडिलांना मी कधी अंथरुणाला खिळलेले पाहिले नाही. वयाच्या ५३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत ते कामावर जात होते. वर्षभरापासून मला शरीरसंबंधाच्या वेळी ताठरता टिकवता येत नाही, त्यामुळे मी जवळीक टाळतो आणि पत्नीला वाटते की मला तिच्यात रस उरलेला नाही. त्यासाठी ऑनलाइन गोळ्या मागवून ठेवल्या आहेत, अजून घेतलेल्या नाहीत. झोप लागावी म्हणून रात्री दोन पेग घेतो. हल्ली थोरल्या मुलावर क्षुल्लक कारणावरून खेकसतो आणि मग स्वतःचाच राग येतो. (कधी कधी वाटते, मी नसलो तर विम्याच्या पैशांत यांचे अधिक चांगले भागेल.) एकदा गोळी सुरू झाली की मी कायमचा पेशंट ठरेन आणि घराचा माझ्यावरचा भरवसा जाईल, ही भीती कशी घालवावी? आणि घरी सांगणे खरोखरच आवश्यक आहे का?

— एक वाचक

उत्तर:

तुम्ही प्रश्न शेवटच्या दोन वाक्यांत विचारले आहेत. मला मात्र उत्तराची सुरुवात तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यापासून करावी लागेल, कारण पत्रातल्या इतर गोष्टींना दोन-चार दिवसांची सवड देता येते, त्या वाक्याला देता येत नाही. दीर्घकाळ एकट्याने ताण सोसणाऱ्या, पुरेशी झोप न मिळणाऱ्या आणि आपण घरात किती आणतो यावरूनच स्वतःची किंमत ठरवणाऱ्या माणसाच्या मनात असा विचार येऊ शकतो, आणि तो आला म्हणून तुम्ही दुबळे किंवा भ्रमिष्ट ठरत नाही. परंतु तो आजाराच्या लक्षणाइतकाच गांभीर्याने घ्यायचा असतो. हे उत्तर वाचून झाले की आजच तो एखाद्या माणसाला तोंडी सांगा; पत्नी, भावंड, जुना मित्र किंवा डॉक्टर, ज्यांच्यापुढे शब्द फुटेल असे वाटते त्यांना. अशा विचाराबद्दल बोलल्याने तो बळावतो ही समजूत चुकीची आहे. बोलल्याने बहुतेकदा त्याचा जोर ओसरतो आणि मदत मिळण्याची वाट मोकळी होते. तो विचार वारंवार येऊ लागला, त्याला कृतीचे स्वरूप येऊ लागले किंवा मद्य घेतल्यावर तो अधिक तीव्र होतो असे आढळले, तर एकटे राहू नका, आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा किंवा त्याच दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या अंदाजानुसार जगभरात दर एक लाख पुरुषांमागे १२.६, तर दर एक लाख स्त्रियांमागे ५.४ जण आत्महत्येने मरण पावतात. नैराश्याचे निदान मात्र स्त्रियांमध्ये अधिक होते. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत हे समजून घेण्यासाठी स्वीडनच्या गोटलँड बेटावर घडलेला एक प्रसंग उपयोगी पडतो. १९८३-८४ मध्ये तिथल्या सर्वसाधारण डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे आणि त्यावर उपचार करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि त्यानंतर बेटावरील आत्महत्यांचे प्रमाण घटले. नंतर आकडे उलगडून पाहिले तेव्हा ती घट प्रामुख्याने स्त्रियांमधली आहे आणि पुरुषांमध्ये जवळजवळ काहीच फरक पडलेला नाही असे दिसले. पुरुष डॉक्टरांकडे येतच नव्हते, आणि जे येत होते ते रडत नव्हते, उदास वाटते असे म्हणत नव्हते. ते चिडत होते, भांडत होते, पीत होते, कामात स्वतःला गाडून घेत होते. या अनुभवातून तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुरुषांमधील नैराश्यासाठी वेगळी प्रश्नावली तयार केली, आणि तिच्यात चिडचिड, ताबा सुटणे, मद्यपान आणि थकून गेल्याची भावना यांना जागा दिली. मुलावर खेकसणे, नंतर स्वतःचा राग येणे आणि झोपेसाठी दोन पेगचा आधार घेणे हे सारे तुम्ही स्वभावदोष म्हणून लिहिले आहे. मला ते तपासून घ्यावे असे लक्षण वाटते. हे निदान मी पत्रावरून करू शकत नाही, कोणीच करू नये. पण डॉक्टरांपुढे ही माहिती 'घरगुती बाब' म्हणून गाळू नका.

आता रक्तदाबाकडे वळतो. त्रास होत नाही म्हणून अहवाल ठेवून दिला, असे तुम्ही लिहिता; परंतु उच्च रक्तदाबाची रीतच ती आहे, तो बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही आणि त्या काळात हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांच्या रक्तवाहिन्यांवर त्याचे काम चालू असते. १४०/९० च्या वर सातत्याने राहणारा रक्तदाब दवाखान्यात उच्च मानला जातो, त्यामुळे १६४/१०२ हा आकडा काठावरचा नाही. एका मोजणीवरून निदान करत नाहीत हे खरे, आणि तपासणीच्या दिवशीची धावपळ किंवा धास्ती यांमुळे आकडा काहीसा चढू शकतो हेही खरे; पण तसे असेल तर ते पुन्हा मोजूनच कळेल, ड्रॉवर बंद ठेवून कळणार नाही. शिवाय ५५ वर्षे वयाच्या आत वडिलांना किंवा भावाला हृदयविकार झालेला असणे हा डॉक्टर स्वतंत्रपणे मोजतात असा धोका आहे, आणि तो तुमच्या बाबतीत आहे.

दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित बीपी मशीन मिळवा. मनगटावरची मशीन तितकीशी भरवशाची नसतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळा, लघवी करून या, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर कशावर तरी ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे करून आकडे लिहून ठेवा. पहिल्या दिवसाचे सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर तो उच्च रक्तदाब होय. मात्र या नोंदींसाठी डॉक्टरांची भेट लांबवू नका, ती याच आठवड्यात घ्या आणि जितक्या नोंदी झाल्या असतील तितक्या सोबत न्या. आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, दृष्टी अंधुक होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

कायमचा पेशंट ठरण्याची तुमची भीती मला समजते, पण तिच्यात एक गफलत आहे: रक्तदाब असेल तर तो सात महिन्यांपूर्वीपासून आहे, कदाचित त्याच्याही आधीपासून, आणि गोळीमुळे तो सुरू होणार नाही. इतक्या आकड्याला बहुधा डॉक्टर जीवनशैलीतील बदलांबरोबरच औषधही देतील. ते पुढे किती लागेल हे वजन, मीठ, मद्य, हालचाल आणि तुमच्या शरीराचा प्रतिसाद यांवर ठरते. अनेकांना ते दीर्घकाळ घ्यावे लागते, काहींचे कमी करता येते, परंतु आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने बंद करणे हा त्यातला सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. २०१६ मध्ये सहा लाखांहून अधिक सहभागी असलेल्या १२३ वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार वरचा रक्तदाब १० ने उतरवल्यास हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे एक-पंचमांशाने आणि पक्षाघात एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक कमी होतो. रोजच्या एका गोळीकडून याहून अधिक अपेक्षा करणे कठीण आहे.

ज्या गोष्टीची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटते, ती वैद्यकीय दृष्टीने तुमच्या पत्रातली बहुधा सर्वांत उपयोगी माहिती आहे. शिश्नाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, तर हृदयाच्या धमन्या तीन ते चार मिलिमीटरच्या. त्यामुळे धमन्यांच्या आतील अस्तर बिघडू लागले, तर अरुंद धमन्यांत त्याचा परिणाम आधी दिसतो. हृदयाच्या धमन्या आकुंचल्याची लक्षणे जाणवण्यापूर्वी दोन ते पाच वर्षे ताठरतेची अडचण सुरू झालेली असते, असे अनेक रुग्णांमध्ये आढळले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के पुरुषांना ही अडचण कमी-अधिक प्रमाणात होती. तेव्हा तुम्ही एकटे नाही, आणि ही पुरुषत्वाची परीक्षा तर मुळीच नाही. कारण रक्तवाहिन्यांतच असेल असेही नाही. मधुमेह, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कमतरता, मद्य, अपुरी झोप, नैराश्य आणि एकदा फसल्यानंतर पुन्हा फसण्याची धास्ती, यांपैकी एक किंवा अनेक कारणे असू शकतात. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते की नाही हे डॉक्टर विचारतील. येत असेल तर मनाशी निगडित कारणाची शक्यता वाढते. उत्तर देताना संकोच करू नका.

मागवलेल्या गोळ्यांना मात्र हात लावू नका. त्या गटातले सर्वांत परिचित औषध, सिल्डेनाफिल, मुळात छातीतील वेदनेवर उपचार म्हणून अभ्यासले जात होते आणि १९९८ मध्ये ते ताठरतेसाठी बाजारात आले. म्हणजे त्याचा संबंध पहिल्यापासून रक्तवाहिन्यांशीच आहे. हृदयविकाराच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या नायट्रेट गटातील औषधांबरोबर ते घेतल्यास रक्तदाब जीव धोक्यात येईल इतका कोसळू शकतो, आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय मागवलेल्या पाकिटात नक्की काय आणि किती आहे याची खात्री नसते. डॉक्टरांनी तपासून दिले तर हेच औषध रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना सुरक्षितपणे घेता येते. तसेच रक्तदाबाच्या काही औषधांमुळे ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. असा परिणाम जाणवला तर औषध बदलता येते, आणि ते सुरू करतानाच 'मला ही अडचण आहे' असे सांगितले तर डॉक्टर त्या दृष्टीने औषध निवडू शकतात. हे न सांगता काही महिन्यांनी गुपचूप गोळी सोडून देणारे पुरुष थोडे नाहीत.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल की ही माहिती कुठेही मिळते. मिळते; आणि ती सात महिन्यांपूर्वीही मिळत होती. अहवाल ड्रॉवरमध्ये राहिला तो माहितीच्या अभावी नाही. तो राहिला, कारण घरात तुमच्याकडे जी भूमिका आली आहे तिच्यात आजारपणाला जागा ठेवलेली नाही. तुमच्या वडिलांकडेही तीच भूमिका होती, आणि 'त्यांना कधी अंथरुणाला खिळलेले पाहिले नाही' हे तुम्ही आजही अभिमानाच्या स्वरात लिहिता. त्यांच्याविषयी आदर असणे योग्यच आहे. परंतु ते आजारी नव्हते की त्यांनी दुखणे अंगावर काढले, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ५३ व्या वर्षी जे घडले ते पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते. मुलगे हे वडिलांच्या वागण्यातूनच शिकतात, सांगण्यातून क्वचित. लागले तरी रडू नये, ताप असला तरी खेळायला जावे, दुखते असे म्हणणाऱ्याची थट्टा होते, इतके दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलगे शिकलेले असतात. पुढे चाळिशीत छातीत कळ आली की तो माणूस ती आम्लपित्ताची आहे असे ठरवून मोकळा होतो.

यावर कोणी म्हणेल की पुरुषांचे शरीरच तसे घडलेले असते, त्याला भूमिका काय करणार? जगभर स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने सुमारे पाच वर्षे अधिक जगतात आणि त्यात जीवशास्त्राचा वाटा निश्चित आहे. पण तो किती, हे पाहण्यासाठी जर्मनीतील बव्हेरियामधल्या ख्रिस्ती मठांच्या नोंदी एका लोकसंख्याशास्त्रज्ञाने तपासल्या. मठवासी पुरुष आणि मठवासी स्त्रिया यांचा दिनक्रम, आहार, निवारा आणि जबाबदाऱ्या बऱ्याच अंशी सारख्या असतात. अकरा हजारांहून अधिक जणांच्या त्या नोंदींत दोघांच्या आयुर्मानातील अंतर सुमारे एक वर्षच निघाले, आणि ते घटले होते मुख्यतः मठवासी पुरुष बाहेरच्या पुरुषांपेक्षा अधिक जगल्यामुळे. मठात राहायला येणारी माणसे मुळात वेगळी असू शकतात, हा आक्षेप योग्य आहे. तरीही पुरुषांच्या लवकर मरण्यातला मोठा भाग त्यांच्या शरीरातून आलेला नसून त्यांच्या जगण्याच्या पद्धतीतून आलेला आहे, हे त्यातून दिसतेच. मला यात दिलासा वाटतो, कारण शरीराची घडण बदलता येत नाही, पण जगण्याच्या पद्धतीवर आपला थोडा तरी हात चालतो.

या ठिकाणी तुम्हाला सांगायला एक सोपा युक्तिवाद आहे, आणि तुमचे हितचिंतक तो नक्की करतील: 'घरच्यांसाठी तरी प्रकृती सांभाळा.' त्याचा उपयोग होतो, अनेक पुरुष त्यामुळेच दवाखान्याची पायरी चढतात, आणि तुम्हीही त्यामुळे गेलात तर माझी हरकत नाही. पण मी तो तुमच्यापुढे ठेवणार नाही. कंसातले तुमचे वाक्य त्याच युक्तिवादाचे दुसरे टोक आहे. शरीराची काळजी ते कमावते म्हणून घ्यायची असेल, तर कमाई थांबल्यावर किंवा तिला पर्याय सापडल्यावर काळजी घेण्याचे कारणही संपते. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या लोकांचा दिवस कसा जातो याच्या बारकाईने नोंदी केल्या. रस्त्याने चालताना पुरुष संथ चालत होते आणि वारंवार थांबत होते. सकाळपासून काय केले हे त्यांतल्या अनेकांना नीट सांगताही येत नव्हते. स्त्रिया मात्र लगबगीने चालत होत्या, कारण पगार बंद झाला तरी घरातली त्यांची कामे संपली नव्हती. गावात दारिद्र्य दोघांनाही होते. पुरुषांचे मात्र वेतनाबरोबर स्वतःकडे पाहण्याचे कारणही गेले होते. ज्या माणसाची सारी ओळख एकाच खुंटीला टांगलेली असते त्याचे हे असे होते, आणि नोकरी न जाताही, केवळ ती जाईल या धास्तीने, ते आधीच सुरू होऊ शकते. तेव्हा तुमचा रक्तदाब तपासायचा, कारण तो तुमचा आहे; उद्या मुले स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तुम्ही निवृत्त झालात आणि कोणीच तुमच्यावर अवलंबून नसले, तरी तो तपासायचाच आहे.

घरी सांगावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर होय असे आहे, आणि पत्नीला आधी. तिला आज जे माहीत आहे ते खोटे आहे: तुम्हाला तिच्यात रस नाही असे ती समजते, आणि हे दुःख तुम्ही तिला अकारण देत आहात. तुमचे मौन तिला वाचवत नाही. एखाद्या संध्याकाळी, मद्य न घेता आणि मुले जवळ नसताना, साधी वाक्ये बोला: 'तपासणीत माझा रक्तदाब बराच जास्त निघाला होता, मी तुला सांगितले नाही. गेले वर्षभर मी तुझ्यापासून दूर राहतो ते ताठरता टिकत नाही म्हणून, तुझ्यामुळे नव्हे. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.' शेवटचे वाक्य खरे असू द्या, म्हणजे वेळ आधी घ्या. तिला राग येईल, आणि तो येण्याचा तिला अधिकार आहे. सात महिने लपवल्याचा राग म्हणजे भरवसा उडाला असे समजून पुन्हा गप्प बसू नका.

एक इशारा मात्र इथे देतो. मन मोकळे केल्यावर पुष्कळ पुरुष आपल्या प्रकृतीचे सारे खाते पत्नीच्या हवाली करतात. गोळीची आठवण तिने करायची, वेळ तिने घ्यायची, मिठावर लक्ष तिने ठेवायचे, आणि चिडायचेही तिच्यावरच. हा भार वाटून घेणे झाले नाही. औषध, नोंदी आणि भेटी तुमच्याकडेच ठेवा. वाटून घ्यायची असते ती माहिती, आणि त्यात पैशांची माहितीही आली: कर्ज किती आहे, बचत कुठे आहे, विम्याची कागदपत्रे कोणती, महिन्याचा खर्च कसा भागतो. हे सारे पत्नीलाही ठाऊक असेल, थोरला मुलगा समजत्या वयाचा असेल तर काही अंशी त्यालाही, तर घर एकाच माणसाच्या नाडीवर टांगलेले राहत नाही. तुम्ही ज्याला भरवसा म्हणता तो अशाने कमी होईल असे मला वाटत नाही. कमी होईल ती तुमच्यावाचून काहीच चालत नाही ही कल्पना, आणि तिने तुमचे फारसे भले केलेले नाही.

मुलाला रक्तदाबाचे आकडे सांगण्याची आवश्यकता नाही. 'हल्ली मी तुझ्यावर विनाकारण ओरडतो, त्यात तुझी चूक नाही, माझी झोप आणि प्रकृती ठीक नाही आणि मी डॉक्टरांकडे जात आहे' एवढे पुरे आहे. आईला किती सांगायचे ते तिच्या वयाप्रमाणे आणि स्वभावाप्रमाणे तुम्हीच ठरवा.

मद्याबद्दल थोडक्यात. त्याने झोप लवकर लागते, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. ते रक्तदाब वाढवते, ताठरता कमी करते आणि खिन्नता वाढवते. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीत त्याचा हात असू शकतो. रोजचे प्रमाण दोन पेगांहून बरेच अधिक असेल तर एका दिवसात पूर्ण बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, कारण शरीराला सवय झालेली असल्यास अचानक थांबण्याने कंप, घबराट आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हेही पत्नीला विचारून घ्या. झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा विकार, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, पुरुषांमध्ये अधिक आढळतो आणि रक्तदाब, दिवसभराचा थकवा, चिडचिड आणि ताठरतेची अडचण या सर्वांमागे तो असू शकतो.

डॉक्टरांची पहिली भेट कदाचित दहा मिनिटांचीच असेल, आणि दहा मिनिटांत 'जरा बीपी वाढले आहे' एवढेच सांगून बाहेर पडणे फार सोपे असते. म्हणून घरूनच एका कागदावर सहा ओळी लिहून न्या: तपासणीतला आकडा आणि घरच्या नोंदी, वडिलांचे वय आणि त्यांच्या मृत्यूचे कारण, ताठरतेची अडचण आणि ती केव्हापासून आहे, झोप, घोरणे आणि मद्याचे खरे प्रमाण, चिडचिड आणि खचल्याची भावना, आणि तुम्ही कंसात लिहिलेले वाक्य, जसेच्या तसे. मोठ्याने वाचवत नसेल तर कागद डॉक्टरांपुढे सरकवा. रक्तातील साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम), लघवीतील प्रथिने आणि ईसीजी या तपासण्या होतील, कदाचित सकाळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनचीही. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यास सांगितले तर ती चिठ्ठी रक्तदाबाच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची समजा, आणि त्यांनी मनाच्या अवस्थेविषयी काहीच विचारले नाही तर तुम्ही स्वतः विषय काढा, कारण पुरुष रुग्णाला हा प्रश्न विचारायला डॉक्टरही अनेकदा कचरतात. औषध सुरू झाल्यावर साधारण महिन्याभराने पुन्हा भेट असते. पहिल्याच औषधाने आकडा आटोक्यात येईल असे नाही, मात्रा वाढवावी लागते किंवा दुसरे औषध जोडावे लागते. तेव्हा पहिल्या भेटीतून बाहेर पडण्यापूर्वीच दुसरीची तारीख घेऊन या.